चेंडूच्या दिशेनं धावणारी भागू

एखादं मूल पालीला घाबरतं, एखादं अंधाराला. ही सगळ्यालाच घाबरायची. पाल, कुत्रं, जिन्यातला गेलेला दिवा, शाळेत टोचायला येणारी नर्स. थोरल्या भावानं नाव ठेवलं, भित्री भागूबाई. वापरून वापरून त्यातलं 'भित्री' झिजलं, 'बाई' झिजलं आणि उरली नुसती भागू. पुढे देशाचा शर्ट अंगावर चढला, परदेशी वर्तमानपत्रांत फोटो आले, तरी घरच्या जिन्यात पाऊल टाकलं की वरून हाक यायची, "भागू आली गं!"

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आणि राहायचे कुठे, तर लिफ्ट कायम बंद असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. शेजारी टोमणे मारायचे, ते हसायचे. "चांभाराच्या पायात कधी जोडा बघितलाय का?" म्हणायचे. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीतून दिसणारं शाळेचं मैदान. आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिच्या हातांना कायम गरम कापडाचा वास.

भागूची सगळ्यात मोठी वैरीण होती प्रेशर कुकरची शिटी. गंमत अशी, की शिटी वाजली की तिला काही वाटायचं नाही. वाजायच्या आधी तो जो फुसफुसत राहतो, त्यानं तिच्या पोटात गोळा यायचा. मग ती उठायची, जीव मुठीत धरून ओट्यापाशी जायची आणि गॅसच बंद करून टाकायची.

"अगं कार्टे, बटाटे कच्चे राहिले!" आई ओरडायची.

"वाजणार होता," भागू म्हणायची.

"वाजू दे की! खातोय का तो तुला?"

हा तिचा स्वभाव ज्याला कळला, त्याला तिची सगळी कारकीर्द कळली. पण तो घराबाहेर कुणालाच कळला नाही, हीच तर गोष्ट आहे.

शाळेच्या हॉकी संघाला एक मुलगी कमी पडत होती. खेळाच्या बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, भागूला तेवढंही सुचलं नाही. बाईंनी तिला मागे, गोलाजवळ उभं केलं. "इथं कुणी फारसं येत नाही," म्हणाल्या. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला.

ज्यांनी हॉकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर पेनल्टी कॉर्नर हा गुन्हेगाराला भिंतीपाशी उभं करण्याचाच प्रकार. गोलरक्षक आणि आणखी चौघी गोलरेषेच्या मागे उभ्या राहतात. समोरच्या संघातली एक जण बाजूनं चेंडू बाहेर ढकलते, दुसरी तो अडवते आणि तिसरी, जी त्याच कामासाठी पोसलेली असते, ती तो गोलाकडे असा भिरकावते की डोळ्यांआधी कानांना कळावं. चेंडू दगडासारखा कडक. चेंडू सुटेपर्यंत रेषेवरून हलायचं नाही. सुटला, की मागच्यांपैकी एकीनं थेट त्या भिरकावणारीच्या अंगावर धावून जायचं. अंतर कमी करायचं, वाट अडवायची, जमलं तर काठीनं आणि नाहीच जमलं तर अंगानं. या बाईला म्हणतात पहिली धावणारी.

त्या दिवशी भागूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की समोर काहीतरी फुसफुसतंय आणि आपण उभं राहून वाट बघायची आहे. पाचावर धारण बसली. आणि चेंडू सुटताच ती धावली. पळून नाही गेली. सरळ त्याच्याच दिशेनं गेली, ओट्यापाशी जायची तशी. चेंडू नडगीच्या पट्ट्यावर आपटून बाहेर गेला. भागू बसकण मारून रडायला लागली, आणि खेळाच्या बाई आनंदानं नाचायला लागल्या. "वाघीण आहे गं! वाघीण!"

विंगेत उभ्या असलेल्या नटाला विचारावं. रंगमंचावर पाऊल टाकल्यावर भीती कुठे जाते, त्याचं त्यालाच कळत नाही. घशाला कोरड पडते ती आधी, प्रवेश यायची वाट बघताना. भागूला ती वाट बघवत नव्हती, एवढंच तिचं शौर्य. पण लोकांना चेंडूवर धावून जाणारी मुलगी दिसली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी एकदा पडली की भूमिका चिकटते.

भूमिका चिकटली ती थेट राष्ट्रीय संघापर्यंत. तिथं तिला भेटली 'भिंत'. भिंत म्हणजे संघाची गोलरक्षक. अंगानं आडवी, जिभेनं तिखट आणि मैदानावर तिच्या शब्दापुढे कुणाची प्राज्ञा नाही. पहिल्याच सरावात तिनं भागूला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघ, मला तुझा चेहरा कधी दिसणार नाही. मला तुझी पाठ दिसते. तू सरळ रेषेत धावलीस की डावीकडची वाट तुझ्या अंगानं बंद होते. मग मी उजवी सांभाळते. डावी तुझी, उजवी माझी. तू वाकडी झालीस तर मी आंधळी. कळलं?"

"कळलं."

"घाबरतेस का?"

"छे!" भागू म्हणाली. आत काळजाचं पाणी झालं होतं.

त्या एका 'छे'वर तिनं पुढची कितीतरी वर्षं काढली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. धैर्याचंही आणता येतं. फक्त ते उतरवून ठेवायला खुंटी सापडत नाही. सामन्याच्या सकाळी भागू न्याहारी परत करायची. नव्या मुलींना वाटायचं, वजन सांभाळते. बसमध्ये ती एकटी खिडकीशी बसायची, त्यांना वाटायचं, मन एकाग्र करते. खरं तर ती दातांवर दात दाबून बसलेली असायची.

घरी मात्र कुणी फसलं नव्हतं. वडील टीव्हीसमोर बसून सामना ओरडून ओरडून सांगायचे आणि आई स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहायची, कानावर काही पडू नये म्हणून. सामना संपला की फोन. जिंकलात का, हरलात का, काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला.

"दात आहेत ना सगळे?"

"आहेत गं आई."

"मोजलेस?"

दात शाबूत राहिले. गेलं ते गालाचं हाड.

एका परक्या मैदानावर, पावसाळी दुपारी, ती अशीच धावली. कॉर्नरच्या वेळी तोंडावर चढवतात त्या जाळीच्या मास्कचा पट्टा ओला होता, तो धावता धावता सरकला. चेंडू मास्कच्या कडेवर आला आणि कड आत शिरली. भागूला दुखलं नाही. नुसता आवाज आला, फळी मोडावी तसा, आणि तो आपल्याच डोक्यात आला हे तिला मागाहून कळलं. डॉक्टरांनी हाडात पत्रा बसवला. वरच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली ती झालीच. चहा पिताना हनुवटीवर ओघळ यायचा आणि तिला पत्ता नसायचा. आई पदरानं पुसायची. इस्पितळाच्या चादरी आयुष्यभर हाताळलेल्या त्या बाईनं एकदाच म्हटलं, "आता पुरे कर की."

"पुरे कर म्हणजे? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या आणि पुसा."

भागू परत गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा हिच्या पाठी लागलेला राक्षस आता पाठ सोडून पुढ्यात येऊन बसला होता. पूर्वी धाव सुरू झाली की भीती विरायची. आता ती धावेच्या शेवटच्या पावलात यायची. चेंडू सुटायचा, भागू निघायची, समोरची काठी जमिनीलगत मागे जायची, आणि नेमक्या त्या वेळी भागूचे डोळे मिटायचे. आपोआप. तिनं आरशासमोर उभं राहून, अंगावर कापडी चेंडू मारून घेऊन, सगळं करून पाहिलं. पापण्या तिच्या राहिल्याच नव्हत्या.

आणि कुणाला कळेना! भिंतीला पाठ दिसायची. प्रशिक्षकांचा कॅमेरा गोलामागे. मास्कच्या जाळीतून समोरच्यांना काय दिसणार? शेवटच्या पावलात ती आंधळी धावत होती, रेषा अंदाजानं धरत होती, आणि डावीकडची वाट बंद आहे या भरवशावर भिंत खुशाल उजवीकडे झुकत होती. एकदोन गोल डावीकडून गेलेही. भिंत स्वतःलाच शिव्या घालत बसली, आणि भागू शेजारी उभी राहून तिला पाण्याची बाटली देत राहिली.

सांगून टाकावं, असं तिला शंभरदा वाटलं. दर वेळी जिभेवर आलेलं मागे फिरायचं, आणि त्याचं कारण नुसती लाज नव्हती. कारण होतं चिंगी.

चिंगी म्हणजे संघातली सगळ्यात धाकटी. काटकुळी, बडबडी, मोजे कायम घोट्यावर उतरलेले. भागू नसेल तर धावायची पाळी तिची. भागूनं तोंड उघडलं असतं, तर तो चेंडू दुसऱ्या दिवसापासून त्या पोरीच्या तोंडावर आला असता. झाकली मूठ ठेवावी तर भिंतीचा घात, उघडावी तर चिंगीचा. भागू मूठ झाकूनच राहिली. शिवाय त्या आंधळ्या पावलावर तिनं एक उपायही शोधला. चेंडू ढकलणाऱ्या मुलीचा खांदा चेंडूआधी हलतो. चेंडूकडे न बघता त्या खांद्याकडे बघावं, आणि खांदा पडताच निघावं. अर्धं पाऊल हाताशी लागतं. काठी मागे जायच्या आत आपण पोचलो, तर डोळे मिटायची वेळच येणार नाही.

असा सगळा हिशेब. आणि असाच तो मोठ्या स्पर्धेच्या दाराशी नेऊन ठेवणारा सामना आला. जिंकणारे आत, हरणारे घरी. शेवटची काही मिनिटं, भागूचा संघ एका गोलानं पुढे, आणि शिटी वाजली. पेनल्टी कॉर्नर, त्यांना.

मास्क चढले. भागूनं चेंडूवरची नजर काढून त्या मुलीच्या खांद्यावर लावली. मुलीनं दीर्घ श्वास घेतला, सोडला. खांदा पडला.

भागू निघाली. चेंडू जागेवरच होता.

शिटी. पंचाचा हात मध्यरेषेकडे. चेंडू सुटण्याआधी जी रेषा सोडते, तिला मैदानाच्या मध्यावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिच्या जागी दुसरी मिळत नाही. उरलेल्यांनी निभवायचं. म्हणजे धावणार चिंगी.

"ताई, जा तुम्ही," चिंगी मोजे वर ओढत म्हणाली. "मी बघते."

भागू चालायला लागली. मध्यरेषेवर जाऊन ती वळली, तेव्हा गोलापाशी उभ्या असलेल्या चौघी तिला खेळण्याएवढ्या दिसल्या. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उभं राहायचं आणि बघायचं. चेंडू सुटला. त्यातलं सगळ्यात लहान खेळणं पुढे झेपावलं. ठप् असा आवाज आला, आणि चिंगी पडली.

इतक्या वर्षांत भागू अनेकदा धावली, पण तशी कधी धावली नसेल. ती पोचली तेव्हा चिंगी पाय धरून बसली होती, चेहरा कागदासारखा. चेंडू घोट्यावर बसला होता. गुडघ्याखाली लागला की नियम निर्दय असतो. पंचानं पुन्हा हात दाखवला. पुन्हा कॉर्नर. आणि हा नवा कॉर्नर असल्यानं भागूला परत रेषेवर यायची मुभा होती.

"मीच धावते," चिंगी उठायला बघत म्हणाली. पाय टेकला आणि तिनं ओठ चावला. "काही नाही झालं, ताई. खरंच."

भागूनं तिच्याकडे पाहिलं. त्या ओठ चावण्यात तिला आपलाच तो जुना 'छे' ऐकू आला.

"थांब," ती म्हणाली. मग भिंतीकडे वळली. "ऐक. माझे डोळे मिटतात."

"काय?"

"शेवटच्या पावलात. मला दिसत नाही. मी रेषा अंदाजानं धरते."

भिंतीनं हेल्मेट थोडं वर केलं. "कधीपासून?"

"गाल फुटल्यापासून."

"प्रत्येक वेळी?"

भागूनं मान हलवली. ओठावर ओघळला तो घाम होता की आणखी काही, हे त्या बधिर ओठाला कळलं नाही.

"आणि मी तुझ्या जिवावर डावी बाजू मोकळी सोडते!" भिंतीचा आवाज फाटला. "ते दोन गोल! माझी झोप उडाली होती गं, बये! तोंडात काय बोळा कोंबला होतास?"

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"सगळ्याची."

पंचानं घाई करायची खूण केली. चिंगी एका पायावर उभी राहून या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. हसावं की रडावं, ते तिला कळत नव्हतं. भिंतीनं एकदा आकाशाकडे पाहिलं, देवाला नव्हे, शिवी गिळायला. मग हेल्मेट खाली ओढलं.

"तू खांबापाशी उभी राहा, लंगडे," ती चिंगीला म्हणाली. "आणि तू, वाघीण, धाव. मिटतात तर मिटू देत. डावीकडे तू आहेस असं मी आज धरतच नाही. दोन्ही बाजू माझ्या. फक्त चेंडू सुटेपर्यंत हलू नकोस. हलशील?"

"नाही."

"नक्की?"

"माहीत नाही," भागू म्हणाली. आता तिला 'छे' म्हणवत नव्हतं.

ती रेषेवर उभी राहिली. समोर त्याच मुलीनं श्वास घेतला. खांदा पडला. भागूची टाच उचलली गेली, पण ती उभी राहिली. मग चेंडू सुटला. मग ती निघाली. काठी मागे गेली, आणि डोळे मिटले. मिटलेच. अंधारात काहीतरी तिच्या कोपराशेजारून वारा कापत गेलं. डावीकडून.

मागे धप्प असा मोठा आवाज झाला. भागूनं डोळे उघडले, वळली. भिंत डावीकडे आडवी पसरली होती आणि चेंडू तिच्या पायाच्या पॅडवरून बाहेर उडत होता. नेहमीसारखी ती उजवीकडे झुकलेली असती, तर तो चेंडू जाळ्यात असता.

शेवटची शिटी झाली. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. भिंतीनं भागूला असं आवळलं, की फासळ्या वाजल्या. "आज जीव वाचला म्हणून," ती कानात म्हणाली, "नाहीतर मीच तुझा दुसरा गाल फोडला असता."

प्रशिक्षकांना भागूनं त्याच संध्याकाळी स्वतः सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट. बराच वेळ टेबलावरच्या शिटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "संघात राहशील. मागे खेळशील. धावणार नाहीस."

"मग कोण?"

"तुला माहीत आहे कोण. घोटा बरा झाला की."

भागूनं घरी फोन केला. आईनं नेहमीप्रमाणे दात विचारले. मग भागूनं सांगितलं, की आता मी धावत नाही. पलीकडे मोठा निःश्वास ऐकू आला. नळ बंद झाल्याचाही आवाज आला.

"मग आता कोण धावतं?" आईनं विचारलं.

"चिंगी. धाकटी आहे एक."

"तिला आई आहे ना?" आईनं एवढंच विचारलं.

त्या वाक्यानं भागूची झोप नेली. मोठ्या स्पर्धेपर्यंत रोज सराव संपल्यावर ती चिंगीला थांबवून घ्यायची. मास्कचा पट्टा कसा कोरडा ठेवायचा, कड हाडावर कुठे बसते, खांद्याकडे कधीच का बघायचं नाही. चिंगी कंटाळायची. "ताई, तुम्ही माझ्या आजीपेक्षा वाईट आहात," म्हणायची. भागू ऐकून घ्यायची आणि पट्टा पुन्हा ओढून बघायची. पण एक गोष्ट ती रोज विचारायची, आणि तिचं उत्तर मिळाल्याशिवाय पोरीला सोडायची नाही. पहिल्या दिवशी चिंगी म्हणाली होती, "भीती? छे!" भागू तिथंच मैदानावर बसली होती. "मग मीही बसते," म्हणाली होती. "खरं सांगेपर्यंत." अंगावरचा घाम वाळून थंडी भरली, तेव्हा कुठे चिंगी हळूच म्हणाली होती, "थोडी."

मोठ्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात पेनल्टी कॉर्नर आला. चौघी भिंतीशेजारी रेषेमागे उभ्या राहिल्या. भागू खांबापाशी. तिनं चिंगीच्या मास्कचा पट्टा मागून ताणला.

"किती?" भागूनं विचारलं.

"खूप," चिंगी म्हणाली. मास्कच्या आतून आवाज घोगरा येत होता. "पोट पार घशात आलंय, ताई."

"डोळे?"

"आत्तापर्यंत उघडे आहेत."

"मिटले तर?"

"ओरडेन."

"ऐकलंस ना?" भागू भिंतीला म्हणाली.

"ऐकलं, ऐकलं," भिंत गुरगुरली. "दोघींनी मिळून माझंही पोट घशात आणलंत. वाका आता."

त्या वाकल्या. चेंडू सुटला, चिंगी सुटली. भागू रेषेवर राहिली. चिंगीच्या पाठीवरचा आकडा लहान लहान होत गेला, आणि त्याच्या पलीकडे, जमिनीलगत, काठी मागे जाताना भागूला दिसली.